मंडळाचे दप्तर कोणाच्या खिशात?

एके काळी मंडळाचे दप्तर म्हणजे एक लोखंडी कपाट असे. त्यात इतिवृत्ताची वही, सभासदांची नोंदवही, पावती पुस्तकांच्या स्थळप्रती, लेखापरीक्षकांचे अहवाल आणि जागेची कागदपत्रे असत. एक किल्ली चिटणीसांकडे, दुसरी खजिनदारांकडे. कार्यकारिणी बदलली की किल्ल्या हातोहात जात, दप्तर मात्र जागचे हलत नसे. ते कपाट आजही बहुतेक मंडळांत उभे आहे. पण ते उघडून पाहावे, तर गेल्या आठ-दहा वर्षांतले त्यात फारसे काही सापडत नाही. सभेची सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर निघते, सभासदांची यादी गूगल शीटमध्ये असते, गणेशोत्सवाचा जमाखर्च खजिनदारांच्या ड्राइव्हवर आणि जिल्हाधिकाऱ्यांना दिलेल्या निवेदनाची पोच कोणाच्या तरी मोबाइलमधल्या फोटोत. कागद कमी झाला, धावपळ वाचली, हे चांगलेच झाले. पण दप्तर कपाटातून निघून कोणाच्या खिशात गेले आणि तो खिसा फाटला तर काय, हा प्रश्न आपल्यापैकी किती मंडळांनी सर्वसाधारण सभेत विचारला आहे?

हा प्रश्न केवळ संगणक जाणणाऱ्यांचा आहे असे समजून कोणी पान उलटू नये. तो मंडळाच्या कारभाराचा आहे, आणि थोडा पुढे विचार केला तर आपल्या समाजाच्या राजकीय वजनाचा आहे.

आधी एक मोठे उदाहरण पाहू. दक्षिण कोरिया हा देश संगणकाच्या कामात जगात पहिल्या रांगेतला. तेथील सरकारने २०१८ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी ‘जी-ड्राइव्ह’ नावाचे सामायिक कपाट सुरू केले. आपल्या टेबलावरच्या संगणकात फाइल ठेवू नका, सगळे या कपाटात ठेवा, असे धोरण होते. माणशी ३० जीबी जागा दिली होती. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन शहरातल्या सरकारी माहिती केंद्रात बॅटऱ्या हलवण्याचे काम चालू असताना आग लागली. त्या आगीमुळे ७०९ सरकारी यंत्रणा बंद पडल्या आणि ९६ यंत्रणा प्रत्यक्ष जळाल्या. इतर बऱ्याच यंत्रणांच्या राखीव प्रती दुसरीकडे होत्या, त्या हळूहळू उभ्या राहिल्या. जी-ड्राइव्हची मात्र बाहेर कोठेही प्रत नव्हती. साठा फार मोठा, म्हणून बाहेर प्रत ठेवता आली नाही, असे कारण दिले गेले. ८५८ टेराबाइट मजकूर गेला. सुमारे सव्वा लाख कर्मचाऱ्यांचे काम त्यात होते. ज्या खात्याने धोरण सर्वांत निष्ठेने पाळले, त्याचेच सर्वांत जास्त नुकसान झाले. नंतर ही मंडळी जुने ईमेल, छापील कागद आणि संगणकात चुकून राहिलेल्या फाइली जमवत बसली.

आता आपल्याकडचे उदाहरण. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’ रुग्णालयावर सायबर हल्ला झाला. सर्व्हरमधला मजकूर कुलूपबंद झाला आणि केसपेपरपासून सगळे काम दोन आठवडे हाताने करावे लागले. पण रुग्णांच्या नोंदी परत मिळाल्या. का मिळाल्या? हल्ल्यातून वाचलेल्या एका राखीव सर्व्हरवर त्यांची प्रत होती, असे सरकारने संसदेत सांगितले. दोन्ही ठिकाणी संकट मोठेच होते. फरक पडला तो दुसरी प्रत दुसरीकडे असण्याचा.

आणि कागदाचे भाग्य तरी कोणते मोठे? २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली आणि १२ जून २०२३ रोजी भोपाळच्या सातपुडा भवनाला. दोन्ही वेळा किती फाइली जळाल्या यावर मोठा गदारोळ झाला. तेव्हा कागद की संगणक हा वादच निरर्थक आहे. प्रश्न आहे तो एक प्रत की दोन, हा.

‘गूगल सांभाळते की, आपण कशाला काळजी करायची?’ असे बरेच कार्यकर्ते आम्हाला ऐकवतात. यात अर्धे सत्य आहे. गूगल, मायक्रोसॉफ्टसारख्या कंपन्या आपापली यंत्रे सांभाळतात आणि ती आपल्यापेक्षा शंभरपट चांगली सांभाळतात. यंत्र बिघडल्यामुळे आपली फाइल जाण्याचा संभव फारच कमी. पण फाइल आपल्याच माणसाने पुसली, चुकीची यादी बरोबर यादीवर चढवली किंवा खातेच बंद पडले, तर ती जबाबदारी कंपनीची नाही. मायक्रोसॉफ्टच्या सेवा करारातच वापरकर्त्यांनी आपल्या मजकुराची नियमित राखीव प्रत काढावी, अशी शिफारस आहे. बँकेची तिजोरी कितीही भक्कम असली, तरी लॉकरमध्ये काय ठेवले याची यादी आपल्यालाच ठेवावी लागते, तसेच हे.

मुदतींकडे जरा लक्ष द्यावे. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत टाकलेली फाइल ३० दिवसांनी कायमची जाते. वार्षिक लेखापरीक्षणात एखादी फाइल नाही हे लक्षात येईपर्यंत असे किती तीस दिवस उलटलेले असतात! दोन वर्षे न उघडलेले वैयक्तिक गूगल खाते पुसून टाकण्याचे धोरण डिसेंबर २०२३ पासून अमलात आले आहे. वैयक्तिक खात्यात मोफत जागा १५ जीबी. फोटोंनी ती भरली, की अँड्रॉइड फोनवरच्या व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही अडतो, कारण २०२४ पासून तोही याच जागेत मोजला जातो. कचेऱ्यांतली तरुण मंडळी ‘स्लॅक’ वापरतात. त्याच्या मोफत योजनेत एक वर्षापेक्षा जुने संदेश ऑगस्ट २०२४ पासून पुसले जाऊ लागले. या सगळ्या मुदती कंपन्यांनी लपवलेल्या नाहीत. आपण वाचलेल्या नाहीत, एवढेच.

दुसरा एक गैरसमज फार घातक आहे. ‘माझ्या फोनवरही आहे, संगणकावरही आहे, ड्राइव्हवरही आहे, म्हणजे तीन प्रती झाल्या.’ नाही झाल्या. ही एकाच फाइलची तीन प्रतिबिंबे आहेत. आरशापुढचा माणूस निघून गेला की तिन्ही आरसे रिकामे. एका जागी पुसले की सगळीकडून पुसले जाते. राखीव प्रत म्हणजे मूळ फाइल बिघडली तरी जिला धक्का लागत नाही अशी वेगळी प्रत. एक अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी यासाठी सोपा नियम लोकप्रिय केला : प्रती तीन, साधने दोन प्रकारची आणि त्यातली एक प्रत दुसऱ्या जागी.

आता मुख्य मुद्दा. ही प्रत काढायची कोणी आणि केव्हा? ‘चिटणीसांनी दर महिन्याला काढावी’ असा ठराव केला तर काय होते हे सांगायला ज्योतिषी नको. पहिले दोन महिने निघेल, तिसऱ्या महिन्यात चिटणीसांच्या घरी लग्न असेल, चौथ्या महिन्यात उत्सव. आम्ही बँकेत कारकुनी करतो, त्यामुळे हे थोडे अनुभवाने सांगतो. शाखा आपापल्या स्वतंत्र संगणकावर चालत होत्या त्या काळी दिवसअखेर झाल्याशिवाय दुसऱ्या दिवसाचे काम उघडत नसे आणि बॅकअप हा दिवसअखेरचाच एक भाग होता. कोणाला आठवण आहे की नाही, कोणाचा उत्साह आहे की नाही, हा प्रश्नच नव्हता. कामाच्या रचनेतच ते बसवलेले होते. मंडळाच्या सामायिक अ‍ॅप्सनाही हेच हवे : एकदा सेटिंग लावायचे आणि ठरलेल्या वेळी प्रत आपोआप निघायची.

हे आज अवघड नाही. गूगलच्या ‘टेकआउट’ सोयीत दर दोन महिन्यांनी, वर्षभर, खात्यातल्या मजकुराची प्रत आपोआप काढण्याचा पर्याय आहे आणि ती दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हवर पाठवताही येते. फक्त वर्ष संपले की हा क्रम थांबतो, पुन्हा लावावा लागतो. ज्यांना थोडे जास्त कळते अशा मुलांनी ‘आरक्लोन’ हा मोफत प्रोग्रॅम पाहावा. मंडळाच्या संगणकावर तो रोज रात्री ठरलेल्या वेळी चालवता येतो. त्यात ‘सिंक’ची आज्ञा न देता ‘कॉपी’ची द्यावी. ‘सिंक’ मूळ ठिकाणी पुसलेले प्रतीतूनही पुसते, ‘कॉपी’ पुसत नाही. आणखी एक खाचखळगा : संगणकावर दिसणारे ड्राइव्हचे फोल्डर उचलून पेनड्राइव्हवर टाकले म्हणजे काम झाले असे वाटते, पण गूगल डॉक्स आणि शीट्स यांच्या जागी तेथे नुसता दुवा असतो, मजकूर नसतो. त्या फाइली वर्ड, एक्सेल किंवा पीडीएफमध्ये उतरवूनच घ्याव्या लागतात.

मात्र आपोआप म्हटले की सगळे सुरळीत, असे समजणेही भाबडेपणाचे. सेटिंग हे नोकरासारखे असते. सांगितले तेच करते, मग सांगण्यात चूक असली तरी. ऑगस्ट २०२० मध्ये केपीएमजी या जगप्रसिद्ध लेखापरीक्षण संस्थेत एका माणसाचे संभाषण पुसण्याचा नियम चुकून सगळ्या संस्थेला लागला आणि ‘मायक्रोसॉफ्ट टीम्स’मधली सुमारे १,४५,००० जणांची वैयक्तिक संभाषणे गेली. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ‘युनिसुपर’ या पेन्शन फंडाचा गूगलच्या मेघावरचा एक मोठा विभाग पुसला गेला. खाते उभारताना एक रकाना कोरा राहिला होता, यंत्राने त्याचा अर्थ ‘मुदत एक वर्ष’ असा घेतला आणि वर्ष भरताच इमानदारीने तो काढून टाकला. सहा लाखांहून अधिक सभासदांना आपली खाती काही दिवस पाहता आली नाहीत. पण त्या फंडाने दुसऱ्या पुरवठादाराकडे वेगळी प्रत ठेवली होती, म्हणून तो पुन्हा उभा राहिला.

तिसरे उदाहरण सर्वांत बोलके. ३१ जानेवारी २०१७ रोजी ‘गिटलॅब’ या कंपनीतल्या एका अभियंत्याने रात्री उशिरा काम करताना चुकीच्या सर्व्हरवरचा मजकूर पुसला. बॅकअपच्या एक-दोन नाही, पाच व्यवस्था कागदावर होत्या. वेळ आली तेव्हा एकही धड कामाला आली नाही. रोजचा बॅकअप कित्येक दिवस अयशस्वी होत होता आणि तसे सांगणारे ईमेल कोणाच्या हाती पडतच नव्हते. सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी योगायोगाने काढलेली एक प्रत सापडली म्हणून निभावले. तात्पर्य, प्रत काढणे यंत्रावर सोडावे, पण प्रत निघाली की नाही हे पाहणे माणसावरच ठेवावे. बँकेत नोंद करणारा एक आणि ती तपासून मंजूर करणारा दुसरा असतो. तिजोरीच्या किल्ल्या दोघांकडे असतात. अविश्वास म्हणून नव्हे, तर पद्धत म्हणून.

आता वाचक म्हणतील, हे मोठमोठ्या कंपन्यांचे झाले, आमच्या दीडशे-दोनशे सभासदांच्या मंडळाला याचे काय? याचे उत्तर मंडळाच्या पुढच्या निवडणुकीत मिळेल. सभासद यादी हीच मतदार यादी असते. ती यादी एका पदाधिकाऱ्याच्या वैयक्तिक खात्यात असेल, तर यादी ज्याच्या हाती त्याच्या हाती निवडणूक. उद्या मतभेद झाले आणि त्याने इतरांचा प्रवेश बंद केला, तर दोष कोणाला देणार? कायदेशीर मालक कोणीही असो, खात्याचा पासवर्ड त्याच्याकडे आहे. तो माणूस सज्जनच आहे असे धरू. पण सज्जन माणूसही आजारी पडतो, परगावी जातो, स्वर्गवासी होतो. त्याच्यामागे त्याच्या मुलांना मंडळाची फाइल कुठली आणि घरचे फोटो कुठले हे कसे कळावे?

कायद्यानेही सुटका नाही. कर्नाटकात १९६० चा, मध्य प्रदेशात १९७३ चा, तेलंगणात २००१ चा संस्था नोंदणी कायदा आहे. कायदे निरनिराळे, पण सभासदांची नोंद आणि हिशेब ठेवण्याचे बंधन सगळीकडे आहे. आयकर नियमांत ऑगस्ट २०२२ मध्ये घातलेल्या ‘१७एए’ या नियमाने धर्मादाय संस्थांनी हिशेबाची पुस्तके दहा वर्षे सांभाळावीत असे सांगितले आणि ती संगणकावर ठेवायलाही मुभा दिली. मुभा मिळाली म्हणजे जबाबदारी गेली असे नाही. ‘मोबाइल हरवला’ हे उत्तर आयकर अधिकारी ऐकून घेणार नाही.

आणि याहून मोठी गोष्ट. महाराष्ट्राबाहेरचा मराठी माणूस आपले म्हणणे मांडतो ते कागदाच्या बळावर. मराठी शाळेची तुकडी बंद होते, तेव्हा किती मुलांनी प्रवेश मागितला होता याचा पुरावा मागतात. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावी असे सांगणारे कलम ३५० (अ) आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्याचे कलम ३५० (ब) ही दोन्ही १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आली. पण त्या अधिकाऱ्यापुढे जाताना ‘आम्ही यापूर्वी अमुक तारखेला निवेदन दिले होते’ एवढे म्हणून भागत नाही, पोच दाखवावी लागते. सीमाभागाचा दावा महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेला. ज्यांनी त्या वादाचे कागद जवळून पाहिले आहेत त्यांना जुन्या नोंदवह्या, जुनी पत्रे, जुन्या जनगणनेची पाने यांची किंमत सांगायला नको. आपल्या आजोबांच्या पिढीने वह्या सांभाळल्या म्हणून आपल्याकडे बोलायला काही आहे. आपण २०१५ ते २०२५ या दशकातले काय सांभाळले, असे आपली नातवंडे विचारतील, तेव्हा ‘ग्रुपवर टाकले होते’ असे सांगणार का?

येथे मराठीपुरती एक वेगळी अडचण आहे. २००० च्या आसपास आपल्या स्मरणिका आणि वार्तापत्रे पेजमेकरमध्ये, श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा फॉन्टांत तयार होत. त्यांच्या सीडी काही मंडळांनी जपून ठेवल्या आहेत, पण आज त्या उघडल्या तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. प्रत आहे, पण वाचता येत नाही. अशी प्रत म्हणजे किल्ली हरवलेली तिजोरी. जुन्या अंकांच्या पीडीएफ करून घ्याव्यात, महत्त्वाचा मजकूर युनिकोडमध्ये आणावा आणि यापुढे सर्व लेखन युनिकोडमध्येच व्हावे. हे काम जुने टंकलेखक आणि मुद्रक आपल्यात आहेत तोवरच होईल.

तेव्हा आमची सर्व मंडळांना सूचना आहे की येत्या सर्वसाधारण सभेत पुढील गोष्टी ठरावाने मंजूर करून घ्याव्यात.

१. मंडळाचे काम मंडळाच्या खात्यातून व्हावे, पदाधिकाऱ्याच्या नव्हे. नोंदणीकृत सेवाभावी संस्थांसाठी गूगल आणि मायक्रोसॉफ्ट दोघांच्याही सवलतीच्या योजना आहेत. आपली संस्था त्यांत बसते का, हे तपासावे. खात्याचे अधिकार किमान दोघांकडे असावेत आणि पासवर्ड मोहोरबंद पाकिटात कपाटात असावा.

२. सभासद यादी, इतिवृत्त, हिशेब, जागेची कागदपत्रे आणि निवेदने व पोच या पाच गोष्टींची प्रत ठरलेल्या वेळी आपोआप निघेल असे सेटिंग लावावे. प्रत दुसऱ्या कंपनीच्या खात्यात किंवा मंडळाच्या हार्ड डिस्कवर जावी. ही डिस्क प्रत घेऊन झाल्यावर संगणकापासून वेगळी काढून दुसऱ्या घरी ठेवावी.

३. दर तिमाहीला एका सभासदाने, शक्यतो कार्यकारिणीबाहेरच्या, प्रतीतली कोणतीही एक फाइल उघडून दाखवावी आणि तशी नोंद इतिवृत्तात व्हावी. न उघडलेल्या प्रतीवर विश्वास ठेवू नये.

४. व्हॉट्सअ‍ॅप हे निरोपाचे साधन आहे, दप्तराचे नव्हे. गटावर झालेला प्रत्येक निर्णय आठ दिवसांच्या आत इतिवृत्तात उतरावा. सभासदांच्या आधार कार्डांचे फोटो गटावर मागवू नयेत. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत, हे ध्यानात ठेवावे. राखीव प्रतींनाही पासवर्ड हवाच.

५. पदभार सोडताना किल्लीप्रमाणेच खात्याचे अधिकार लेखी द्यावे-घ्यावे. ते झाल्याशिवाय नव्या पदाधिकाऱ्याची सही बँकेत बदलू नये.

यावर दोन आक्षेप येतील. एक, खर्चाचा. एका चांगल्या हार्ड डिस्कचा खर्च उत्सवाच्या मंडपाच्या एका कमानीइतकाही नसतो. दुसरा, ‘आम्हा म्हाताऱ्यांना हे जमत नाही’ हा. पण सेटिंग लावण्याचे काम मुलांनी करावे आणि तपासण्याचे ज्येष्ठांनी. रोजकीर्द आणि खतावणी जुळवण्यात ज्यांची हयात गेली, त्यांच्या नजरेतून रिकामी फाइल सुटणार नाही. उलट या निमित्ताने दोन पिढ्या एका टेबलाशी बसतील, हाही फायदाच.

तहान लागल्यावर विहीर खणण्याची आपली सवय जुनी आहे. पण दप्तराच्या बाबतीत तहान लागेपर्यंत जमीनच हातची गेलेली असते. ३१ मार्च हा आपल्याकडे आर्थिक वर्ष संपण्याचा दिवस आणि जगभर ‘बॅकअप दिन’ म्हणून पाळला जाणारा दिवसही तोच. ज्या दिवशी हिशेबाची तेरीज जुळवायची, त्याच दिवशी मंडळाच्या सगळ्या प्रतीही जुळवून पाहाव्यात. ज्या मंडळांनी असा ठराव केला असेल त्यांनी तो आमच्याकडे जरूर पाठवावा, पुढील अंकात तो अगत्याने छापू. इतर मंडळांना त्यावरून आपला मसुदा करता येईल.